तिच्या उंबरावरचं मोहोळ

तापीकाठ, माघ शुद्ध दशमी, शके १८५८ (सन १९३७)

यशोदाच्या बापास,

नमस्कार. हा रिवाजाचा नमस्कार आहे, राग गेला म्हणून केलेला नाही.

तुमचं कार्ड मिळालं. आधी तुम्ही विचारलंत, वहिनीची प्रकृती कशी आहे. मग शेळी व्याली का. मग आबांचा खोकला. माझं नाव कुठे दिसतंय का म्हणून मी कार्ड उलटून पाहिलं, तर तिथे पोस्टाचा शिक्का होता. तर कळवते की तुमच्या वहिनीची प्रकृती उत्तम आहे. विधवा बाईची असू नये इतकी उत्तम आहे. शेळी व्याली. मीही बरी आहे, कुणी विचारलं तर सांगा.

इथलं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण तुम्ही सोयीने विसरता. थोरले भाऊ भादव्यात तापाने गेले. दिवाळी झाल्यावर आबांनी तुम्हाला समोर बसवून विचारलं, उखर्डूच्या बायकोने आता कुणाच्या आधाराने राहायचं, तू धाकटा आहेस, पाट लाव. आपल्यात भावजयीशी पाट लागतो, मला माहीत नाही असं नाही. तुम्ही हो म्हणाला नाहीत. नाहीही म्हणाला नाहीत. वळकटी उचललीत, "आखाजीला सांगतो" म्हणालात, म्हणजे थेट अक्षय्य तृतीयेला, आणि जळगावच्या जिनात कापसाच्या कामाला निघून गेलात. नाही म्हणायला माणसाला इतके महिने लागत नाहीत. हो म्हणायला लागत असतील.

पूर ओसरल्यावर पंचांनी नदीत दोरी टाकली तेव्हा तुम्ही नव्हता. दोरी म्हणजे दर घराला वाळूचा एक पट्टा, तोही घरात कर्ता पुरुष असेल तर. तुमच्या वहिनीला, वच्छलाअक्काला, यंदापुरती दया म्हणून एक दोरी दिली, आपल्या शेजारीच. आबांनी सगळ्यांदेखत सांगितलं की तिने एकटीने आखाजीपर्यंत खरबुजं, म्हणजे आपली डांगरं, काढून दाखवली तर पंचांशी पुढचं बोलू, नाही तर पाट. आता तुमची वहिनी सूर्य उगवायच्या आधी वाळूत असते. मीही असते. मी तिच्या आधी जाते.

बाकी तिच्या नशिबाला काही कमी नाही. तिच्या दोरीच्या टोकाला काठावर यंदाही तो मोठा उंबर आला आहे, आणि त्यावर आग्या माश्यांची मोहोळं लोंबत आहेत. ज्याच्या दोरीला झाड, त्याचा मध. गेल्या साली तिच्या वाडीतलं डांगर कापल्यावर तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात की ही साखर आहे. माझं डांगर तुम्ही मीठ लावून खाल्लंत. ते मी विसरलेले नाही.

यशोदाची आई

तापीकाठ, फाल्गुन शुद्ध तृतीया

यशोदाच्या बापास,

नमस्कार. एक चांगलं काम केलं आहे ते कळवते.

आपल्या वेलींना फुलं आली. वाळू पिवळी झाली होती. मी सकाळी बघायला बसले तर काय, उंबरावरून माश्या सरळ आपल्या वाडीत उतरतात, फुलात डोकं घालतात, पोट भरून घेतात आणि परत उंबरावर. दिवसभर हेच. फुलं माझी, खत माझ्या डोक्यावरून वाहिलेलं, झिऱ्यातून घागरी माझ्या कमरेवरून आलेल्या, आणि गोडी चालली तिच्या झाडावर. आता कळलं ना, तिचं डांगर साखर का आणि माझं मिठाचं का? गोडी वाटेतच चोरीला जात होती आणि तुम्ही चोराला शाबासकी देत होतात.

पुना भिल्ल मध काढायला येतो, त्याला गाठलं. मोहोळ पूर्ण उठव म्हणाले, एक माशी राहता कामा नये. तो म्हणाला, बाई, आम्ही मधाचाच भाग कापतो, बाकी ठेवतो, म्हणजे माश्या परत बसतात. मी म्हणाले, परत बसू नयेत म्हणूनच तर तुला बोलावलं. मध आणि मेण सगळं त्याला दिलं. अवसेला त्याने पेंढ्या पेटवल्या आणि झाड मोकळं करून दिलं. बांधावरच्या काटेरी झुडपांत लहान माश्यांची मोहोळं होती, ती मी स्वतः कोयत्याने काढली आणि जाळली.

सकाळी वच्छलाअक्का उंबराखाली उभी होती. वर बघत होती. मग हंडा उचलून झिऱ्यावर गेली. मला वाटलं होतं रडेल.

आता माझ्या फुलांची गोडी माझ्या फळात जाईल. आखाजीला तुम्ही याल तेव्हा दोन्ही डांगरं शेजारी ठेवून कापीन, आणि मग बोला.

यशोदाची आई

तापीकाठ, फाल्गुन शुद्ध द्वादशी

यशोदाच्या बापास,

नमस्कार. आधी आनंदाची बातमी. तुमच्या वहिनीच्या वाडीत फळ धरलेलं नाही. फुलं येतात, मागे बोटाच्या पेराएवढं फळ असतं, ते पिवळं पडतं आणि गळतं. मी बांधावरून रोज बघते. मला वाईट वाटलं असं लिहिलं असतं, पण तुम्हाला खरं वाटलं नसतं.

दुसरी बातमी अशी की आपल्याही वाडीत धरलेलं नाही.

मी ओळीने वेली उचलून पाहिल्या. नुसता पाला आणि फुलं. खोपीवर गिलक्यांचा वेल चढवला आहे, त्यालाही एक गिलकं नाही. शिवाय तांबड्या किड्यांनी पानांची चाळण केली आहे. दर साली काठावरच्या बाभळीवर हिरवे वेडे राघू बसलेले असायचे, उडता उडता किडे टिपायचे. यंदा मोहोळ उठल्यापासून तेही दिसत नाहीत. दृष्ट लागली म्हणून मी मीठमोहऱ्या उतरवल्या. कुणाची दृष्ट ते लिहीत नाही, तुम्हाला राग येईल.

काल आबा काठी टेकत वाडीत आले. आधी तिच्या वाडीतून फिरले, मग आपल्या. आपल्या वाडीत त्यांनी फार पाहिलं नाही, कारण इथे कसंही असलं तरी दोरी तुमच्या नावाची आहे. तिच्या बांधावर मात्र खूप वेळ उभे राहिले आणि तिला म्हणाले, "वच्छला, एकटी बाईनं काम नही हाई. आखाजीले बोलनं करी टाकू." ती खाली मान घालून वाळूत बोटाने रेघा ओढत राहिली.

मी घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. तिची वाडी बुडावी म्हणून मी रोज देवाला हात जोडत होते. तिची वाडी बुडाली की ती कुठे येणार? माझ्याच चुलीवर येणार. तुमच्या उजव्या हाताला बसणार आणि तुम्हाला डांगर कापून देणार. इतकं साधं गणित, आणि मी उलटं मांडत बसले होते.

तुम्ही एक कार्ड टाका, त्यावर फक्त "नाही" लिहा. मी आबांना वाचून दाखवते. घरात वाचता मला एकटीलाच येतं, त्यामुळे अक्षर वाईट असलं तरी चालेल.

यशोदाची आई

तापीकाठ, फाल्गुन वद्य तृतीया

यशोदाच्या बापास,

नमस्कार. तुमचं कार्ड आलं नाही.

इथे एक प्रकार झाला आहे. आपल्या वाडीच्या नदीकडच्या कोपऱ्यात झाऊचं झुडूप आहे ना, त्याच्या भोवतीच्या वेलींना फळ धरलं आहे. लिंबाएवढी डांगरं. बाकी सगळी वाडी रिकामी आणि तेवढ्याच वेली भरलेल्या. मला वाटलं हा वच्छलाअक्काचाच काहीतरी खेळ आहे. पकडायचंच म्हणून मी उजाडल्यापासून झुडपाआड दबा धरून बसले.

ती आली नाही. माशी आली. झाऊच्या आत लहान माश्यांचं एक मोहोळ माझ्या कोयत्यातून सुटलं होतं, ओंजळीत मावेल एवढं. मी दगड उचलला होता. पण म्हटलं, आधी बघू काय नेते. ती एका वांझ फुलात शिरली. आपण वांझ म्हणतो तेच, ज्याच्या मागे फळ नसतं आणि जे नुसतं गळतं. बाहेर आली तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी होती, पाय, पोट सगळं पिवळं. तिथून ती फळवाल्या फुलावर गेली, आत घोळली आणि ती भुकटी तिथे पुसून पुढे गेली. मग तिसऱ्या फुलावर, चौथ्यावर. ज्या ज्या फुलावर ती बसली त्याला मी गवताची काडी बांधून ठेवली. आज बघते तर काडीवाल्या बहुतेक फुलांमागचं फळ हिरवं आणि तुकतुकीत आहे. बाकीची पिवळी पडली.

म्हणजे माशी नेत होती ते खरंच आहे. पण नेता नेता एका फुलाचं दुसऱ्या फुलाला देत होती, आणि ते मी कधी पाहिलंच नव्हतं. वच्छलाअक्काच्या उंबरावर राहून ती माझी वाडी पिकवत होती, आणि माझ्या फुलांवर जगून तिची. मला फक्त मध कुणाच्या घरी जातो ते दिसत होतं.

आता त्या ओंजळभर माश्या सगळ्या वाळूला किती पुरणार? म्हणून मी स्वतः माशी झाले आहे. वांझ फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि फळवाल्या फुलात हलक्या हाताने टेकवायचं. ऊन चढायच्या आत करावं लागतं. कंबर मोडते. माश्या हे काम फुकट करत होत्या.

यापुढचं वाचून हसू नका. मी आधी तिच्या वेलींना करते, मग आपल्या. ती नदीवर अंघोळीला गेली की मी बांध ओलांडते. तिच्यावर माया आली म्हणून नव्हे. तिच्या वाडीत डांगरं लागली तर ती तिच्या खोपीत राहील, नाही तर माझ्या घरात. आपली वाडी बुडाली तरी तुम्ही माझे राहाल, पण तिची बुडाली तर काही खरं नाही. सवत नको म्हणून कुणी सवतीची शेती केली असेल का हो? मी करते आहे.

यशोदाची आई

तापीकाठ, चैत्र शुद्ध षष्ठी, शके १८५९

यशोदाच्या बापास,

नमस्कार. मी पकडले गेले.

गेल्या पंधरवड्यात एक दिवस ती अंघोळीला गेलीच नाही. मी तिच्या वेलींत वाकलेली, ओटीत तिची तोडलेली फुलं, आणि ती मागे हंडा घेऊन उभी.

"कुंदा, तू मना वाडीमा काय करी ऱ्हायनी?" तिने विचारलं. मी ओटी झाकली. तिने हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "मोहोळ बी तूच उठाडं ना?"

मी खोटं बोलणार होते. पण तिचा चेहरा असा होता की तिला ते अवसेपासूनच ठाऊक असावं. मीही तोंड वर करून म्हणाले, "हो. मीच. मना फुलेस्ना रस तुना घर जात व्हता."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती वाळूत बसली आणि तिने नुसतं विचारलं की मग आता का आलीस. मी माशीचं सगळं सांगितलं, काड्यांचं सांगितलं. आणि मग जे सांगायचं नव्हतं तेही बाहेर पडलं, की तुझी वाडी पिकली नाही तर तू माझा नवरा घेशील.

त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण तुम्ही वाचायला हवं. "तुना नवरा माले नको, कुंदा. रातभर घोरस तो. माले मनी दोरी पाह्यजे."

मला आधी हायसं वाटलं. मग मी विचारलं, तो घोरतो हे तुला कसं ठाऊक? ती म्हणाली, दोन्ही घरांच्या मध्ये एकच कुडाची भिंत आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. खरं आहे म्हणा. तरी मी रात्री त्या कुडाच्या भेगा शेणाने लिंपून टाकल्या.

तेव्हापासून आम्ही दोघी मिळून करतो. ती तिच्या टोकाकडून सुरू करते, मी माझ्या, आणि मध्ये बांधावर भेटतो. बोलतो फारसं नाही. तिची बोटं लांब आहेत, फूल न चुरगळता धरते. माझी जाड आहेत. तुम्ही तिच्या हाताकडे कधी नीट पाहिलं आहे का, हे मला विचारायचं होतं, पण राहू द्या.

डांगरं धरली आहेत. दोन्हीकडे दर सालच्या निम्मीही नाहीत, पण आहेत. तिची माझ्यापेक्षा मोठी दिसतात. उंबरावर परवा एक लहान झुंबड येऊन बसली आहे, पुन्हा आग्याच. आम्ही दोघी खालून बघत होतो. पुनाला मी निरोप पाठवला आहे की यंदा झाडाला हात लावायचा नाही.

आखाजी जवळ आली. भाऊ गेल्यावरची पहिली आहे. तुम्ही नाही आलात तर लोक काय म्हणतील ते म्हणोत, मी काय म्हणेन त्याची काळजी करा.

यशोदाची आई

तापीकाठ, वैशाख शुद्ध चतुर्थी, शके १८५९

यशोदाच्या बापास,

नमस्कार. काल आखाजी झाली. तुम्ही आला नाहीत, तुमचं पाकीट आदल्या दिवशी आलं.

तुम्ही लिहिलंत, "सुटी नाही. आबा म्हणतील तसं करावं. वहिनीस नमस्कार." मी ते चुलीपाशी बसून वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटत होतं मधली ओळ बदलेल. तुम्हाला ती नको असती तर तुम्ही तसं लिहिलं असतं, आणि हवी असती तर तसंही लिहायची तुमची छाती झाली नसती. म्हणजे आबांनी पाट लाव म्हटलं की तुम्ही वळकटी घेऊन परत येणार आणि म्हणणार, मी काय करू, वडिलांचा शब्द. त्या वेळी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा वच्छलाअक्काचा कधीच आला नव्हता.

सकाळी पितरांच्या घागरी भरल्या. थोरल्या भाऊंच्या घागरीवर अक्काच्या वाडीतलं डांगर ठेवलं, सासूबाईंच्या घागरीवर आपल्या वाडीतलं. वास घरभर सुटला होता. दुपारी जेवणं झाल्यावर आबा, सुकदेव नाना आणि दुसरे पंच ओट्यावर बसले. अक्काला बोलावलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ताठ उभी राहून म्हणाली, "आबा, माले पाट लावाना नही. माले वाडी करानी शे."

सुकदेव नाना म्हणाले की डांगरं चांगली काढलीस, कुणी नाही म्हणत नाही, पण रिवाज तो रिवाज. "दोरी गडीले भेटस, बाईले नही." आबांनी मान खाली घातली. मग ते दाराकडे वळले. मी आत उंबऱ्याशी उभी होते. त्यांनी विचारलं, "कौतिकनं पत्र उनं ना? काय म्हनस तो? वाच."

मी पाकीट आणलं. कागद उलगडला. धुळ्याच्या शाळेत मास्तर शिकवायचे तसा मी आवाज मोठा ठेवला आणि वाचलं.

मी वाचलं की तीर्थरूप आबांस आणि सर्व पंचांस साष्टांग नमस्कार. मी वाचलं की वहिनी मला आईच्या जागी आहे, तिच्याशी पाट लावणं माझ्याकडून होणार नाही, यावर पुन्हा विचारू नये. पुढे वाचलं की यंदा दोन्ही वाड्या बुडता बुडता दोघींनी मिळून राखल्या; माश्या दोरी ओळखत नाहीत, त्यांना इकडची फुलंही लागतात आणि तिकडची फुलंही; वहिनीचा पट्टा ओसाड पडला तर उंबरावर मोहोळ टिकणार नाही, मग माझ्या वाडीतच काय, सगळ्या नदीत कुणाच्याही वाडीत नीट फळ धरणार नाही. म्हणून दर साली वहिनीची दोरी माझ्या दोरीला लागून, वहिनीच्या नावाने टाकावी. गडी पाहिजे असेल तर जामीन म्हणून मी उभा आहे. पुढच्या दोरीच्या वेळी मी स्वतः हजर असेन, कारण यंदाचा हंगाम संपला की जिनाचं काम सोडून घरी येतो आहे.

शेवटची ओळ वाचताना माझा आवाज जरा फुटला. पंचांना वाटलं आनंदाने.

सुकदेव नानांनी विचारलं, माश्यांचं ते पुन्हा वाच. मी कागदावर बोट ठेवून पुन्हा वाचलं, शब्दही चुकला नाही. ते म्हणाले की त्यांच्याही वाडीत यंदा फळ कमीच आहे, कारण आता कळलं. मग त्यांनी आबांच्या गुडघ्यावर थाप मारली. "पोऱ्या शहाना व्हई गया." दोरी अक्काच्या नावाने कबूल झाली. आबांनी डोळे पुसले. थोरल्याच्या आठवणीने की धाकट्याच्या शहाणपणाने, ते मी विचारलं नाही.

भांडी घासताना अक्का शेजारी येऊन बसली. तिला वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. राखेचा हात थांबवून ती हळूच म्हणाली, "इतलं तर तो बोलस बी नही." मी म्हणाले, आखाजीचा दिवस आहे, बोलला असेल. तिने माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासून टाकलं.

तर तुमचं म्हणणं आता असं आहे. पंचांना ते पसंत पडलं आहे आणि गावभर झालं आहे. तुम्ही आलात की लोक पाठ थोपटतील, तेव्हा मान खाली घालून थोपटून घ्या. वहिनीशी आईच्या जागी असलेल्या बाईशी बोलतात तसं बोला, आणि बोलायचं ते माझ्यादेखत बोला. डांगर कुणाचं गोड आहे हे कुणी विचारलं तर तुम्ही दोन्ही खाल्लेली नाहीत असं सांगा.

या पत्राला उत्तर पाठवू नका. तुमचं उत्तर मी वाचून दाखवलं आहे. आता तुम्ही या.

यशोदाची आई